भाड्याचं घर सोडताय? डिपॉझिट आणि शेवटच्या भाड्याचा हिशेब असा मिटवा

कोल्हापुरात भाड्याचं घर सोडताना बहुतेकांना एक वाक्य ऐकावं लागतं: ‘नवीन भाडेकरू आला, की त्याच्या डिपॉझिटमधनं तुमचं देतो.’ असं म्हणणारा मालक वाईट असतोच असं नाही. पुष्कळदा तुमचे तीस हजार त्यानं वरचा मजला चढवताना किंवा मुलीच्या फीमध्ये कधीच वापरलेले असतात, आणि हातात खरोखरच पैसे नसतात. पण ते पैसे तुमचे आहेत, आणि नवीन माणूस कधी मिळणार ही अडचण तुमची नाही. घर रिकामं करून किल्ली दिली, की मग फोन उचलायचा की नाही हेसुद्धा समोरच्याच्या मर्जीवर राहतं. म्हणून किल्ली आणि डिपॉझिट यांची देवघेव एकाच बैठकीत, हातोहात व्हायला हवी. ती बैठक घडवून आणायची तयारी महिनाभर आधीपासून करावी लागते.

आधी करार काढून वाचा

कपाटातला करार बाहेर काढा आणि तीन गोष्टी शोधा: नोटीस किती दिवसांची, मुदतीआधी सोडलं तर काय, आणि डिपॉझिट केव्हा परत करायचं. चांगल्या करारात ‘घराचा रिकामा ताबा मिळताच अनामत रक्कम बिनव्याजी परत करावी’ अशा अर्थाचं वाक्य असतं. ते असेल तर त्याखाली पेन्सिलनं रेघ मारून ठेवा, पुढच्या प्रत्येक बोलण्यात ते कामाला येईल.

आता करार कसा झालाय ते बघा. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. महाराष्ट्रात ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा आणि लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरावीक काळ घर वापरायची फक्त परवानगी देणारा) करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड अशी शिक्षा कायद्यात आहे. स्टॅम्पवर टाईप करून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी होत नाही.

याच कलमात भाडेकरूच्या फायद्याची एक गोष्ट आहे. लेखी आणि नोंदणीकृत करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायची जबाबदारी मालकावर येते. म्हणजे ‘आपला साधा नोटरीचा करार आहे, आपलं काही चालणार नाही’ असं समजून गप्प बसायचं कारण नाही.

नोंदणीकृत करार असेल तर त्यात डिपॉझिटचा आकडा किती लिहिलाय हे नीट बघा. मुद्रांक शुल्क वाचावं म्हणून करारात दहा हजार दाखवायचे आणि वरचे वीस रोख घ्यायचे, हा प्रकार चालतो. लेखी करारात दहा लिहिलेत आणि तुम्ही तोंडी तीस म्हणताय, हा दावा टिकवणं फार अवघड जातं. तुमचं असं झालं असेल तर नोटीस द्यायच्या आधीच, संबंध गोड असतानाच, मालकाकडून व्हॉट्सअॅपवर एक साधं उत्तर मिळवा: ‘काका, आमचे तुमच्याकडे एकूण तीस हजार डिपॉझिट आहे ना? घरी हिशेब लिहून ठेवतोय.’ त्यावर आलेलं ‘हो’ जपून ठेवा.

मोबाईलवर फिरणाऱ्या एका मेसेजबद्दलही बोलायला हवं. ‘नव्या कायद्यानं आता दोनच महिन्यांचं डिपॉझिट घेता येतं’ असं त्यात असतं. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला आणि त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे हे खरं. पण तो राज्यांसाठीचा नमुना आहे. आपल्याकडे चालतो तो १९९९ चाच कायदा. मालकाशी बोलताना हा मेसेज पुढे केलात, तर पहिल्याच मुद्द्यावर तुम्ही चुकीचे ठरता.

नोटीस: तोंडी सांगा, पण लिहूनही द्या

मालक बहुधा वरच्याच मजल्यावर राहतात. जिन्यात भेट होते, ‘काकू, पुढच्या महिन्यात आम्ही निघतोय’ म्हणून सांगितलं जातं, चहा होतो. हे सगळं करा. पण त्याच संध्याकाळी मेसेजही पाठवा. नाहीतर महिन्यानंतर ‘तुम्ही नीट सांगितलंच नव्हतं, एक महिन्याचं भाडं कापणार’ हे ऐकायची वेळ येते. मेसेज असा पुरे:

‘नमस्कार काका. आज सांगितल्याप्रमाणे आम्ही करारातल्या अटीनुसार एक महिन्याची नोटीस देत आहोत. … तारखेला घर रिकामं करून ताबा देऊ. त्या दिवशी घर पाहून, वीजबिलाचा हिशेब करून, डिपॉझिटचे … रुपये परत मिळावेत ही विनंती. घर आधी एकदा बघायचं असल्यास कोणताही रविवार सांगा.’

करारात नोटिशीची मुदतच नसेल आणि तुम्ही महिन्याच्या भाड्यावर राहत असाल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम १०६ मध्ये पंधरा दिवसांच्या नोटिशीचा नियम आहे. तरी महिनाभर आधी सांगावं असं माझं मत. मालकाला पैशांची जुळणी करायला वेळ मिळतो, आणि ‘अचानक सांगितलं’ ही सबब उरत नाही.

मेसेजमधलं ते शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. घर आधी दाखवलं, की ‘ही जाळी फाटलीय, ही तोटी गळतेय’ हे तेव्हाच कळतं. तीनशे रुपयांत प्लंबर आणून तुम्ही ते नीट करू शकता. तेच काम मालकाच्या हिशेबात दोन हजारांचं होतं.

शेवटचं भाडं द्यायचं की डिपॉझिटमधून वळतं करायचं?

सगळ्यात जास्त वाद इथं होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

पैसे बुडतील या भीतीनं बरेच जण शेवटचे दोन महिने भाडंच देत नाहीत. ‘डिपॉझिटमधनं कापून घ्या’ म्हणतात. भीती खोटी नसते, पण बहुतेक करारांत डिपॉझिट भाड्यापोटी वळतं करता येणार नाही असं लिहिलेलं असतं. तुम्ही एकतर्फी भाडं थांबवलंत की थकबाकीदार होता, आणि मालकाला तक्रारीचं आयतं कारण मिळतं. वळतं करायचंच असेल तर लेखी संमती घ्या: ‘शेवटच्या महिन्याचं नऊ हजार भाडं डिपॉझिटमधून वजा करून बाकी एकवीस हजार ताबा देताना द्यायचे, असं ठरलं.’ मालक ‘ओके’ म्हणाला तर उत्तम. नाही म्हणाला तर भाडं भरा, ऑनलाइन भरा, आणि नोंदीत महिन्याचं नाव घाला. रोख दिलंत तर पावती मागा. पावती देणं हे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २६ नं मालकाचं कर्तव्य आहे.

महिना अर्धवट असेल तर भाडं दिवसांवर काढा. नऊ हजार भाडं, तीस दिवसांचा महिना, म्हणजे दिवसाला तीनशे. बारा तारखेला घर सोडलं तर तीन हजार सहाशे. ‘महिना लागला की पूर्ण भाडं’ अशी अट काही करारांत असते. तसं असेल तर तारीख महिनाअखेरीला धरा, बारा दिवसांसाठी महिन्याचं भाडं देऊ नका.

डिपॉझिट मिळेपर्यंत घरातच ठाण मांडून बसायचं का, असंही विचारलं जातं. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागू शकते. काही करारांत ‘अनामत परत मिळेपर्यंत लायसन्सधारकाला जागा वापरता येईल’ असं कलम असतं. ते तुमच्या करारात असेल तरच हा मार्ग धरा. नसेल तर तीस हजारांच्या मागे लागून महिन्याला अठरा हजारांचा बोजा ओढवून घेऊ नका.

घराची झीज आणि घराचं नुकसान

कापाकापीची जागा हीच. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये तत्त्व स्पष्ट आहे: भाडेकरूनं घर जसं घेतलं तसं परत द्यावं, पण नेहमीच्या वापरानं झालेली झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे झालेले बदल त्याच्या माथी मारता येत नाहीत. हे कलम भाडेपट्ट्यासाठी आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये तुमच्या करारातली अट आधी पाहिली जाते, पण तिथंही ‘नैसर्गिक झीज वगळता’ हे शब्द बहुधा असतातच.

आपल्या गावात याचा अर्थ काय होतो ते बघा. चार महिन्यांच्या पावसानं पश्चिमेच्या भिंतीला ओल धरली, रंगाचे पोपडे सुटले. बाहेरच्या गिलाव्याला तडा गेलाय म्हणून पाणी आत येतं. ही दुरुस्ती मालकाची. घर राहण्याजोगं ठेवणं हे त्याचं कर्तव्य भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ मध्येच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा तळमजल्यांवरचे दरवाजे फुगले, फरशीखालची माती खचली. असल्या पाण्याचा खर्च भाडेकरूच्या डिपॉझिटमधून वसूल करणं अन्याय आहे, आणि कोणी मागितला तर ठाम नाही म्हणा.

उलट, मुलानं भिंतीवर खडूनं चित्रं काढली, बेसिनला तडा गेला, भिंतीत ड्रिल मारून फडताळ लावलं, गिझर पाण्याविना चालवून जाळला, तर तो खर्च तुमचा. मात्र तोही खरा खर्च. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ७४ चा रोख असा आहे, की करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी ती वरची मर्यादा समजायची आणि त्याच्या आत वाजवी भरपाईच द्यायची. म्हणून ‘साफसफाई आणि किरकोळ, पाच हजार’ असं मोघम कोणी म्हणालं, तर शांतपणे विचारा: कोणतं काम, कोण करणार, बिल कुठे?

रंगाचं काय? ‘सोडताना एका महिन्याचं भाडं रंगासाठी कापलं जाईल’ असं करारात लिहून तुम्ही सही केली असेल, तर ते बहुधा द्यावं लागेल. लिहिलं नसेल तर दोन-तीन वर्षांनी फिका पडलेला रंग ही झीजच. घरफाळ्याचंही तसंच: करारात तुमच्यावर टाकला नसेल तर तो मालकाचा, शेवटच्या हिशेबात अचानक येऊ देऊ नका.

सामान निघाल्यावर, झाडून-पुसून झाल्यावर, दिवसाच्या उजेडात सगळ्या खोल्यांचा एक सलग व्हिडिओ काढा. नळ सोडून दाखवा, दिवे-पंखे लावून दाखवा, फ्लश ओढून दाखवा, मोरीची जाळी, खिडक्यांच्या कड्या, शेवटी वीजमीटरचा आकडा. मूळ फाईल फोनमधून पुसू नका. पुढे न्यायालयात द्यायची वेळ आली, तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे तिच्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फाईल मूळ फोनमध्ये असली की ते सोपं जातं.

कॉट बेसिसवर राहणाऱ्यांसाठी

विद्यापीठ परिसर, सायबर चौक, राजारामपुरी इथल्या मुलामुलींची गोष्ट थोडी वेगळी असते. चौघांनी मिळून खोली घेतलेली, करार एकाच्याच नावावर, आणि डिपॉझिट प्रत्येकानं थोडं थोडं दिलेलं. मधेच एक जण नोकरी लागून पुण्याला जातो, त्याच्या जागी पाचवा येतो आणि त्याचे पाच हजार परस्पर हातात ठेवतो. वर्षाखेरीला मालक म्हणतो, ‘मी फक्त या एकाला ओळखतो.’ कायद्यानं तो चुकत नाही. म्हणून माणूस बदलला त्याच दिवशी मालकाला कळवा: ‘अमुक गेला, तमुक आला, डिपॉझिटमधला पाच हजारांचा हिस्सा आता तमुकचा.’ चौघांच्या ग्रुपवरही तेच टाका.

‘वर्षाच्या आत सोडलं तर डिपॉझिट जप्त’ ही पाटीही पुष्कळ ठिकाणी असते. परीक्षा संपल्यावर मुलांना घरी जायची घाई असते, आईवडील गावाकडे, भांडायला कोणी नाही, म्हणून ती चालून जाते. सही केली म्हणून सगळी रक्कम आपोआप मालकाची होत नाही. वर सांगितलेलं कलम ७४ इथंही लागतं. जूनमध्ये ती खोली आठवड्यात भरली असेल, तर मालकाचं नुकसान आठवड्याचंच. पालकांनी एक फोन करावा, एक पत्र लिहावं. मुलांना एकटं सोडू नये.

ताबा द्यायचा दिवस

वीजबिल महिन्यानं येतं, म्हणून ‘बिल आलं की बघू’ म्हणत सगळं डिपॉझिट अडवलं जातं. त्याची गरज नाही. महावितरणच्या मागच्या बिलावरचं रीडिंग आणि आजचं रीडिंग यातला फरक काढा. मागचं चालू बिल भागिले त्यातली युनिटं, असा दर धरा. जुनी थकबाकी त्यात मिसळू देऊ नका. समजा मागचं बिल ११८ युनिटांना १,१८० रुपये होतं, आणि त्यानंतर ६४ युनिटं जळली. म्हणजे ६४० रुपये. मालकाला भरवसा वाटत नसेल तर हजार रुपये राखून ठेवू द्या, पण तीस हजार नाही.

मग कागदावर हिशेब मांडा. डिपॉझिट ३०,०००. बारा दिवसांचं भाडं ३,६००. वीज ६४०. जाळी बदलल्याचे बिलासह ४५०. राहिले २५,३१०. खाली दोन ओळी: ‘आज … रोजी घराचा रिकामा ताबा व … किल्ल्या मिळाल्या. वरील हिशेबाप्रमाणे २५,३१० रुपये दिले. दोघांचं एकमेकांकडे काही येणं नाही.’ दोघांच्या सह्या, शेजारच्या एकाची साक्ष. रक्कम खात्यात जमा झाल्याचा मेसेज तिथंच बघा आणि मगच किल्ली द्या. यात कोणाचा अपमान नाही. मालकालाही हा कागद तितकाच उपयोगी आहे.

मालक परगावी असेल आणि एजंट किल्ली न्यायला आला, तर ‘किल्ली यांच्याकडे द्या’ असा मेसेज मालकाच्या नंबरवरून आल्याशिवाय देऊ नका. पैसे मात्र मालकाकडूनच यायला हवेत.

आणि मालकाकडे त्या दिवशी खरोखरच पैसे नसतील तर? तोंडी वायदा घेऊन जाऊ नका. पंधरा दिवस किंवा महिन्यानंतरची तारीख घातलेला चेक घ्या आणि वरच्या कागदावर चेकचा नंबर लिहून सही घ्या. तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो बँकेत भरा. वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची, त्यानंतर पंधरा दिवस वाट बघायची, तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या (चेकबाबतच्या कायद्याच्या) कलम १३८ ची तक्रार न्यायालयात करता येते. चेक न वटण्याचा धाक मोठा असतो, म्हणून वायद्यापेक्षा चेक कधीही बरा.

पैसे अडकलेच तर

पोलिसांत गेलात तर ‘ही दिवाणी बाब आहे’ असं सांगितलं जाईल, आणि निव्वळ डिपॉझिट परत न देण्याबाबत ते बरोबर आहे. पण तुमचं सामान अडवलं, तुम्ही राहत असताना कुलूप बदललं, धमकी दिली, तर मात्र जरूर जा. पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला हुसकणं हे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे.

डिपॉझिटसाठी पहिली पायरी म्हणजे पत्र. ते वकिलाकडूनच जायला हवं असं नाही. स्पीड पोस्टानं पाठवा, पोहोच आणि ट्रॅकिंगचा प्रिंट ठेवा, फोटो व्हॉट्सअॅपवरही टाका. मजकूर थोडका आणि सभ्य असू दे:

‘मी आपल्या … येथील घरात … ते … या काळात राहत होतो. … रोजी रिकामा ताबा व किल्ल्या आपल्याला दिल्या आहेत. आपल्याकडे माझे … रुपये डिपॉझिट आहे. भाडं व वीजबिल पूर्ण भरलेलं आहे. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम माझ्या खात्यात जमा करावी. काही कपात करायची असल्यास बिलांसह लेखी कळवावी. मुदतीत रक्कम न मिळाल्यास पत्राच्या तारखेपासून व्याजासह वसुलीसाठी न्यायालयात दावा करीन.’

व्याजाचा उल्लेख गाळू नका. व्याज अधिनियम १९७८ प्रमाणे व्याज मागणार असल्याचं लेखी कळवलेलं असलं, की त्या तारखेपासून ते मंजूर करण्याचा अधिकार न्यायालयाला मिळतो.

पुष्कळ प्रकरणं या पत्रावरच मिटतात. नाही मिटलं तर कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना मोफत वकील मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, त्याला फी नाही. तिथं झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकी पक्की असते आणि तिच्यावर अपील नाही. वीस-तीस हजारांच्या वादाला मला हाच रस्ता योग्य वाटतो.

त्यातूनही नाही जमलं तर दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे दावा. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, पण तुमचं प्रकरण तिथून सुरू होत नाही. दाव्याची मुदत तीन वर्षांची. घर सोडलं त्या तारखेपासूनच दिवस मोजा म्हणजे चूक होणार नाही, आणि ‘देतो, देतो’ ऐकत ती मुदत संपवू नका.

मधल्या काळात मालक ‘हे दहा हजार घ्या आणि विषय संपवा’ म्हणाला तर दहा हजार जरूर घ्या. फक्त पावतीवर ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहू नका. ‘डिपॉझिटपैकी १०,००० मिळाले, १५,३१० बाकी’ असं लिहा, आणि रक्कम ऑनलाइन आली तर लगेच उत्तर पाठवा: ‘काका, दहा हजार मिळाले, बाकीचे पंधरा हजार तीनशे दहा कधी देताय?’